नावेला पाजलेलं पाणी

लोटन भोईच्या हातची शेवटची नाव तापीत उतरली त्याला अकरा वर्षं होऊन गेली होती. त्यानंतर त्याने दारं केली, चौकटी केल्या, खाटांचे पाय केले. सारंगखेड्याच्या यात्रेआधी घोडेवाल्यांना चारा टाकायच्या लांबट लाकडी पेट्या करून दिल्या. त्या पेट्या दोन्ही टोकांना निमुळत्या व्हायच्या. त्याच्या मनात तसं काही नसायचं, हातच तसा वळायचा. प्रकाशा गावच्या भोईवाड्यात त्यावरून हसणं चाले.

"काय लोटनआप्पा, यंदा घोडास्ले नावमा बसाडतस का?" कुणीतरी विचारायचं.

लोटन रंध्याच्या तोंडातला भुसा फुंकायचा आणि म्हणायचा, "घोडा बसी जाई. तू बसशी का ते सांग."

त्याला सदुसष्टावं लागलं होतं. उजवा कान बुड्या मारून मारून गेला होता. बोलणाऱ्याकडे तो डावा खांदा पुढे करून उभा राहायचा, त्यामुळे नवख्या माणसाला वाटे की हा भांडायला आलाय.

त्याचा बाप दोधू नावा बांधायचा आणि चालवायचाही. तेव्हा तापी उन्हाळ्यात मांडीइतकी असायची आणि पावसाळ्यात तिला काठ नसायचे. नाव सपाट बुडाची, बांबूने रेटायची. दोधूने पोराच्या हातात करवत देण्याआधी त्याला तीन वर्षं पाण्यात घातलं. नाव पाण्यात उभी करायची, पोराने तिच्या पोटाखाली बुडी मारायची आणि फळ्यांच्या जोडांवरून हात फिरवत या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं. वर आला की बाप विचारायचा, "कितला जोड?" चुकला की पुन्हा खाली. पाण्याखाली डोळे उघडलेले कळले तर थोबाडीत बसायची. पाण्याखाली डोळ्याला सगळं मोठं आणि जवळ दिसतं, हाताला मात्र आहे तेवढंच लागतं, असं दोधूचं म्हणणं होतं.

दोधूने शिकवलेली दुसरी गोष्ट म्हणजे नावेला पाणी पाजणं. नवी नाव कोरडी असते. जोडांत कापसाच्या वाती ठोकल्या, वरून तेलात उकळलेली राळ ओतली, तरी फळी तहानलेलीच राहते. तशीच नदीत घातली तर पहिल्या फेरीतच फटींतून पाणी आत येतं. म्हणून नाव काठाशी कमरेइतक्या पाण्यात न्यायची, दगड भरायचे आणि बुडवून ठेवायची. पाच दिवस. लाकूड फुगतं, फळी फळीला खांदा लावते, मग दगड काढून नाव वर घेतली की आत थेंब येत नाही. या पाच दिवसांत तिकडे कुणी बघायचं नाही. पाणी पिणाऱ्या नावेला दृष्ट लागते, असं भोईवाड्यात मानतात. लेकरू पीत असताना माय पदर ओढून घेते, तसं. आजा पाळत आला, बाप पाळत आला, लोटनही पाळत आला.

मग पूल झाला, बॅरेज झालं, तापी बाराही महिने भरून उभी राहिली. मासे धरायला फायबरच्या होड्या आल्या. दोन माणसं एक होडी खांद्यावर घेऊन चालू लागली. लोटनने एकदा अशा होडीवर बोटाची गाठ वाजवून पाहिली. बादली वाजावी तशी ती वाजली.  घरी येऊन त्याने माळ्यावरची बाभळीची तेरा वाकडी लाकडं खाली काढली, पुसली आणि परत वर ठेवली. ती नावेच्या बरगड्यांची लाकडं होती. बरगडी वाकवून करत नाहीत. झाडानेच वाकवलेली फांदी शोधावी लागते, आणि तिच्या जोडीच्या बारा शोधायला वर्षं जातात.

होळी होऊन पंधरा दिवस झाले असतील. दुपारी अंगणात एक माणूस येऊन उभा राहिला. बुटका, साठीचा, पायात टायरची चप्पल, खांद्यावर टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी. त्याचं नाव जामसिंग पावरा, धडगावच्याही पलीकडे नर्मदेच्या काठावर असलेल्या उखळीपाड्याचा. शहाद्याच्या बाजारात दोन दिवस विचारत फिरला तेव्हा कुणीतरी त्याला लोटनचं नाव सांगितलं होतं. त्याची बोली पावरी, लोटनची अहिराणी. मध्ये दोघांनी बाजारात उचललेली मराठी टाकली की काम भागत होतं.

"हे बघ, मिस्तरी," जामसिंग म्हणाला. त्याच्या पाड्यावर सगळे सगळ्यांना तू म्हणतात.

टॉवेलात लाकडाचा तुकडा होता. वरून काळा पडलेला साग. लोटनने नखाने खरवडलं. आत मधासारखा रंग आणि तेलाचा वास.

"कोठला?"

"घराचा. बापाने बांधलेल्या घराचा."

धरणाने अडलेलं नर्मदेचं पाणी पहिल्यांदा शेतात शिरलं तेव्हा जामसिंगच्या बापाने घर उतरवलं होतं. खांब, तुळया, सगळं डोंगरावर वाहून नेलं. पाणी चढलं तसं आणखी वर नेलं. तिसऱ्या जागी बांधलेलं घर लहान झालं, आणि उरलेलं लाकूड वीस-पंचवीस वर्षं वळचणीला पडून राहिलं. जुन्या घराची जागा आता पाण्याच्या तळाशी होती.

"असे सोळा खांब आहेत," जामसिंग म्हणाला. "नाव होईल का?"

"सरकारनी होडी नई दिनी का तुम्हले?"

"दिली. कोंबडी बसते तिच्यात अंड्यांवर."

ती होडी पाण्याखालच्या एका वाळल्या झाडावर आपटून उभी चिरली होती. तेव्हापासून रेशन, बाजार, दवाखाना, सगळ्यासाठी डोंगराला वळसा घालून चार तास चालावं लागे. जामसिंगची सून कोकिळा पाड्याची आशा सेविका होती. मागच्या पावसाळ्यात एका अडलेल्या बाईला झोळीत घालून तिने ते चार तास काढले. बाई वाचली, मूल वाचलं नाही. हे सांगताना जामसिंग लाकडाच्या तुकड्याकडे बघत होता.

"माझ्याकडे दुसरं लाकूड नाही, मिस्तरी. जंगलातलं तोडू देत नाहीत. हे एकदाच कापता येईल."

लोटन घरात गेला. बायकोला काय सांगावं हे ठरवत तो उंबऱ्यात थांबला, तर भिकुबाई आधीच माळ्याखाली शिडी लावत होती. नावेच्या फटी भरायचं काम चाळीस वर्षं तिचं होतं. कापसाच्या वाती वळून वळून तिच्या अंगठ्याला घट्टा पडला होता, तो अकरा वर्षांतही गेला नव्हता.

"ऐकं मी," ती म्हणाली. "ते वाकडं लाकूड उतारा. आखो एक वरीस ठेवतात तं मी चुल्हामा घाली देती."

दोघं उखळीपाड्याला पोहोचली तेव्हा लोटनच्या सामानात तेरा बरगड्या, वाकस, गिरमिट, पटाश्या, लोहाराकडून घडवून आणलेले चौकोनी खिळे आणि एक लांबलचक बांबू होता. जीप जिथवर जाते तिथवर गेली, पुढे पाड्याच्या लोकांनी सगळं खांद्यावर आणलं. जामसिंगचा मुलगा दिनेश, तिशी ओलांडलेला, सुरतेच्या बांधकामांवर सेंट्रिंग करून परतलेला, बांबू घेऊन चालत होता.

"हा कशाला, मिस्तरी?"

"नाव रेटाले."

दिनेशने बांबू उभा केला, त्याच्या शेंड्याकडे पाहिलं, मग खाली दरीत पसरलेल्या पाण्याकडे पाहिलं. "मग याला अजून चाळीस हात जोड."

सगळे हसले. लोटनही हसला, पण त्या रात्री त्याने आडवं पडल्यावर भिंतीकडे तोंड केलं. सकाळी उठून त्याने बांबू तोडून वल्ह्यांचे दांडे केले, आणि नावेचं बूड बापाच्या मापापेक्षा एक वीत खोल धरलं. मध्ये किंचित निमुळतं. असं बूड त्याने कधी केलं नव्हतं. या पाण्याला तळ नव्हता आणि वाराही मोठा होता.

मोहाच्या झाडाखाली अडीच महिने काम चाललं. सालईचा डिंक इथे भरपूर होता, राळेत तो मिसळला. पाड्याच्या बायका भिकुबाईजवळ बसून वाती वळायला शिकल्या. भिकुबाई त्यांच्या वाती हातात घेऊन ओढायची, तुटली की परत द्यायची. "हाई दिव्यानी वात शे. नावनी वात तुटत नई, माय." तिची भाषा त्यांना अर्धी कळत होती, हात पूर्ण कळत होता.

एका खांबावर, वरच्या टोकाला, बोटभर खोल गोल खाच होती. लोटनला वाटलं कीड लागली. त्याने पटाशी लावली तेव्हा जामसिंग पुढे झाला.

"ते पाळण्याच्या दोरीचं आहे. माझ्या. माझ्या भावांच्या. दिनेशच्याही."

लोटनने पटाशी खाली ठेवली. त्या खांबाची त्याने नावेच्या मधली आडवी तुळई केली, जिच्यावर सगळ्या नावेचं अंग तोललं जातं. खाच वरच्या अंगाला ठेवली.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात नाव पुरी झाली. चार दिवस उघाड होती. लोटन पाण्यावर गेला. काठाशी पाण्याखाली एक सपाट पायरी होती, तिच्यावर कमरेइतकं पाणी. थोडं वर एक पळस. दगडांना तोटा नव्हता. नाव पाजायला याहून चांगली जागा तापीवरही मिळाली नसती.

"इथे नको," जामसिंग म्हणाला. "वर खड्डा खणू. त्यात पाणी भरू."

"खड्डामा? भो, नाव खड्डामा पानी पेस का कधी?"

"तुमचं पाणी वेगळं आहे, बाबा," कोकिळा म्हणाली. ती शाळेत शिकलेली मराठी बोलायची आणि लोटनला मोठ्या माणसासारखं मानायची. "इथलं सांगून येत नाही."

लोटनने पाण्याकडे पाहिलं. तापी वाढायची तर आधी रंग बदलते, फेस येतो, काडीकचरा येतो, कुजका वास येतो. बॅरेजचे दरवाजे उघडायचे तर भोंगा वाजतो. हे पाणी हिरवं, स्वच्छ, गप्प होतं. वर आभाळात ढग नव्हता.

"मन्हा जनम पानीमा गया," तो म्हणाला. "पानी माले दखाडू नका."

नाव उतरली. भिकुबाई एकेक दगड देत गेली आणि लोटन तो बरगड्यांच्या मधे बसवत गेला. नऊ पुढे, नऊ मागे, तेरा मध्ये. मधला सगळ्यात मोठा, काळा, चपटा दगड त्याने पाळण्याच्या तुळईखाली सरकवला. नावेचे काठ पाण्याखाली गेले. पुढच्या टोकाची दोरी त्याने पळसाच्या बुंध्याला बांधली आणि सगळ्यांना पाठ फिरवायला लावली.

"पाच दिन कोनी दखानं नई. शेळ्या बी आठे आनू नका."

जामसिंगने पाठ फिरवली. पाहुण्याच्या देवाचं आपणही पाळावं, एवढंच त्याच्या मनात होतं.

दोन दिवस कुणी पाण्याकडे गेलं नाही. पिण्याचं पाणी वरच्या झऱ्यावरून येत होतं. लोटन मोहाखाली वल्ही तासत बसला. तिसऱ्या दिवशी सकाळी कोकिळा पलीकडच्या फळीकडे निघाली होती, म्हणजे त्याच चार तासांच्या वळशावरच्या, डोंगराच्या दुसऱ्या कुशीतल्या घरांकडे, आणि तिची वाट पाण्याच्या कडेने जात होती. ती धावत परत आली.

"बाबा, पळस बुडलाय."

पळस पुरता बुडला नव्हता. शेंड्याच्या चार फांद्या वर होत्या. पायरी नव्हती, काठ नव्हता. वर कुठेतरी, शंभर-दोनशे कोसांवर, मध्यप्रदेशात पाऊस झाला होता आणि पाणी दोन दिवसांत दोन पुरुष उंचीने चढलं होतं. हिरवं, स्वच्छ, गप्प.

लोटन खाली बसला. त्याला आधी नाव आठवली नाही. एवढ्या वर्षांत तो पाण्याकडे पाठ करून बसला नव्हता, फक्त नाव पाजायचे पाच दिवस सोडून, आणि तेवढ्याच पाच दिवसांत पाण्याने त्याला गाठलं, हे त्याच्या डोक्यात फिरत राहिलं.  जामसिंगने ओरडायला हवं होतं. तो पळसाच्या फांदीवर कोयत्याने एक खूण करून परत आला आणि दगडावर टेकला.

"तासाने बघू," एवढंच म्हणाला.

तासाने खूण चार बोटं पाण्याखाली होती.

"म्हणजे उद्या या वेळेला तीन पुरुष," दिनेश म्हणाला. "परवा कुणाचा हात पोचणार नाही. दोरी आहे ना? आताच ओढू. पाडा बोलावतो."

"दगडेसंगे ओढशी तं फुटी जाई," लोटन म्हणाला. तो उठला होता आणि सदरा काढत होता. "दगड काढाना. ती आपोआप येई वर."

"आणि नाही आली तर? सरकारची होडी आपटली तेव्हा आम्ही तिला धरून ठेवली म्हणून, नाहीतर ती सरळ तळाला चालली होती."

"हाई लाकूड शे," लोटन म्हणाला.

भिकुबाईने त्याच्या हातातून सदरा घेतला. ती रडेल, अडवेल, असं कोकिळाला वाटलं. डॉक्टरने बुडी मारायला मनाई केली होती. उरलेला डावा कानही जाईल असं सांगितलं होतं, हे भिकुबाईनेच तिला वाती वळताना सांगितलं होतं.

"बाबांचा कान..." कोकिळा म्हणाली.

"जाई तं जाऊ दे," भिकुबाई म्हणाली. "तसं बी या कोनं ऐकतस कधी?" मग ती नवऱ्याकडे वळली. "नऊ, नऊ, तेरा. ध्यानमा शे ना?"

"शे."

"मी आठे मोजस. एक काढा की सांगा."

तिने एकतीस खडे वेचले आणि पदरात घेऊन बसली.

लोटन पळसाच्या बुंध्याला धरून खाली गेला. डोळे मिटलेले. दोरी हाताला लागली, दोरीवरून तो नावेच्या टोकाला आला. नाव जिथे ठेवली तिथेच होती, पायरीवर, सरळ. त्याने काठावर तळहात टेकला. लाकूड गुळगुळीत आणि फुगलेलं, वातींच्या जागी बोटाला उंचवटासुद्धा लागत नव्हता. इतकं चांगलं पाणी त्याच्या कुठल्याच नावेने प्यालं नव्हतं. त्याने पुढचा एक दगड कवटाळला, काठावरून बाहेर लोटला, आणि छातीत आग होऊ लागली तसा वर आला.

"एक," तो म्हणाला, आणि धापा टाकत राहिला.

दिनेश आणि शेजारचा इंद्रसिंग, दोघे पाण्यात उतरले. लहानपणापासून याच पाण्यात वाढलेले, त्यांचा दम मोठा होता. पण ते घाईत होते. पुढच्या टोकाला दोरी होती, तिथे पोचणं सोपं, म्हणून त्यांनी पुढचेच दगड काढले. भिकुबाईच्या पदरातून चार खडे सलग पडले. आणि लोटन पुढच्या वेळी खाली गेला तेव्हा नावेचं नाक वर उचललेलं होतं, शेपूट पायरीच्या कडेवर आलेलं होतं. ती घसरत होती. हाताखाली त्याला ते कळलं, वीतभर सरकणं, मग थांबणं. पायरीच्या पलीकडे डोंगराचा उतार होता, सरळ जुन्या गावापर्यंत.

तो वर आला आणि त्याने दिनेशचे केस धरले.

"तुले काय सांगेल व्हतं?"

"काय सांगितलं होतं? काहीच सांगितलं नव्हतं!" दिनेश ओरडला. "तू नुसता खाली जातो आणि वर येतो!"

लोटनचा हात सुटला. खरंच होतं ते. त्याच्या बापाने त्याला कधी तोंडाने सांगितलं नव्हतं, आणि त्यानेही आयुष्यात कुणाला सांगितलं नव्हतं. नाव दुसऱ्याच्या हाताला समजवायची वेळच आली नव्हती. तो पळसाच्या फांदीला धरून लटकला आणि डावा खांदा पुढे करून बोलू लागला. पुढचा एक काढला की मागचा एक. मधले शेवटी. नाव ही कावड आहे, एक बाजू हलकी केली की दुसरी जमिनीला लागते. मागे जायला दोरी नाही, तर नावेच्या काठावरूनच हात सरकवत जायचं, डाव्या अंगाने, तेरा बरगड्या मोजत. डोळे मिटायचे.

"डोळे मिटून?" इंद्रसिंगने विचारलं.

"डोया मीटीसन. हातवर इस्वास ठेव."

मागचे पाच दगड आधी काढले. ते सगळ्यात कठीण होते. संध्याकाळपर्यंत भिकुबाईच्या पदरात सोळा खडे उरले होते. लोटनच्या डाव्या कानातून पातळ रक्त आलं, ते जामसिंगने आपल्या टॉवेलाने पुसलं. त्याच टॉवेलात त्याने लाकडाचा तुकडा आणला होता.

"बस कर, मिस्तरी. लाकूड माझं होतं. गेलं तर गेलं."

"लाकूड तुन्हं," लोटन म्हणाला, "नाव मन्ही. उजाडे जाऊत."

उजाडलं तेव्हा खूण कुठे होती ते दिसत नव्हतं. पळसाचा एकच शेंडा वर होता, त्यावर एक वेडा राघू बसून माशा टिपत होता. तीन पुरुष पाणी. आता एका दमात एकच दगड होत होता, कधी तोही नाही. इंद्रसिंग दोनदा रिकाम्या हाताने वर आला आणि तिसऱ्यांदा गेला. पुढे-मागे सारखे करत करत दोन्ही टोकं रिकामी झाली. मधले सुरू झाले. भिकुबाई आता आकडे मोठ्याने म्हणत होती, काठावर जमलेला पाडा तिच्यामागून म्हणत होता, कुणी अहिराणीत, कुणी पावरीत.

पाच खडे उरले असताना दिनेश वर आला आणि त्याला बोलताच येईना.

"हलते," तो शेवटी म्हणाला. "मी धरली होती. ती श्वास घेते तशी हलते."

लोटन स्वतः गेला. खाली पोचायला त्याला पूर्वीपेक्षा दुप्पट वेळ लागला. कानात आता आवाज नव्हता, नुसता दाब होता. त्याने तळहात काठावर ठेवला. नाव पायरीवर टेकली होती आणि टेकलेली नव्हतीही. त्याने एक दगड लोटला. ती उचलली, परत बसली. त्याच दमात त्याने दुसरा लोटला. छाती फुटायला आली होती, पण वर जायच्या आधी त्याने पाळण्याच्या तुळईखाली हात घातला. तो काळा चपटा दगड तिथे होता. त्याने ओढला. हलला नाही. लाकूड दोन्ही बाजूंनी फुगून दगडाला असं धरून बसलं होतं की बोटाची कड शिरेना. त्याने सोडून दिलं आणि वर आला. त्याच्या तोंडून आकडा निघाला नाही. भिकुबाईने त्याच्या दोन बोटांकडे बघून दोन खडे टाकले.

राहिलेल्या तीनपैकी दोन दिनेशने आणि इंद्रसिंगने काढले. दोघे अजून पाण्याखालीच होते तेव्हा पळसापासून सात-आठ हातांवर पाणी फुगलं. आधी नाक आलं, पाठोपाठ शेपूट, मग दोन्ही काठ, काठोकाठ पाण्याने भरलेले. नाव पाण्याच्या पातळीत पाणी घेऊन उभी राहिली. तिच्या बाजूला दिनेशचं डोकं वर आलं आणि त्याला काही दिसायच्या आत तो तिच्यावर आपटला.

 काठावर भिकुबाई पदर झटकून उठली.

"आते दखा," ती म्हणाली. "पोटभर दखा सगळा."

पाणी उपसायला दुपार लागली. तांब्या, घमेलं, हंडा, जे हाताला आलं ते घेऊन लोक लागले. लोटन उघड्या पायांनी आत उभा राहिला, मग वाकून त्याने प्रत्येक जोड फडक्याने पुसला आणि त्यावरून हात फिरवला. कोरडे तळहात त्याने जामसिंगला दाखवले. जामसिंगने ते आपल्या हातांत धरले आणि सोडायला विसरला.

तुळईखालचा दगड काढायला लोटनने पटाशी मागितली, तेव्हा जामसिंग काहीतरी म्हणाला. लोटनला ऐकू आलं नाही. त्याने डावा खांदा पुढे केला. जामसिंग पुन्हा म्हणाला. तरीही ऐकू आलं नाही. मग जामसिंगने नुसता हात दगडावर ठेवला आणि मान हलवली. लोटनने पटाशी परत दिली. या खोल पाण्यात नावेच्या पोटात थोडं वजन असलेलं बरंच होतं. तिला बांधायची दोरी त्याने पळसाला न बांधता मधल्या तुळईच्या खाचेत दोन वेढे देऊन काठावरच्या मोहापर्यंत नेली, आणि दोरी लांब ठेवली, पाणी आणखी चढलं तरी पुरेल इतकी.

संध्याकाळी कोकिळा औषधांची पेटी घेऊन पलीकडच्या फळीला गेली. चार तासांच्या वाटेला पाऊण तास लागला. दिनेश वल्हं मारत होता. लोटन नावेच्या शेपटाशी बसला होता, एक हात पाण्यात सोडून.

दुसऱ्या दिवशी नवरा-बायको निघायच्या तयारीत होती. सामान बांधून झालं होतं. दिनेश डोंगरावरून उतरताना दिसला. त्याच्या खांद्यावर वाळलेल्या बाभळीची मोडून पडलेली फांदी होती. ती त्याने लोटनपुढे टाकली आणि काहीतरी विचारलं. लोटनने त्याच्या ओठांकडे पाहिलं, मग फांदीकडे. त्याने ती उचलली, डोळे मिटले, आणि वाकणाच्या आतल्या बाजूने अंगठा फिरवत नेला. कुठे गाठ नव्हती. वाकण एकसारखं होतं, त्याच्या माळ्यावरच्या तेरांपैकी निम्म्यांपेक्षा चांगलं.

ती त्याने मोहाच्या सावलीत, दगडावर, जमिनीला लागणार नाही अशी ठेवली.

"एक व्हयनी," तो म्हणाला. आवाज थोडा मोठा निघाला, त्याला ते कळलं नाही. "आखो बारा. आनि एक सांगी ठेवस. पाजशी तव्हय काठवर बठी ऱ्हाय. पाच दिन. पानीवरतीन डोया काढू नको."

भिकुबाई वाटेला लागली होती. तिने मागे वळून त्याला हाक मारली नाही. परत आली आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला.